स्थावर मालमत्तासंचाची पर्यावरणीय नोंद

एकाच मालकाच्या, कंपनीच्या किंवा गुंतवणूक न्यासाच्या ताब्यातील अनेक इमारतींमध्ये होणारा वीज, इंधन व पाणी यांचा वापर, त्या इमारतींतून निघणारा कचरा आणि त्यांच्यामुळे होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन यांची ठराविक पद्धतीने मोजणी करून ही आधारसामग्री इमारतनिहाय व कालानुक्रमे जतन करण्याच्या, तसेच तिच्यावरून तुलना व अहवाल तयार करण्याच्या व्यवस्थेस स्थावर मालमत्तासंचाची पर्यावरणीय नोंद असे म्हणतात. कार्यालये, दुकानसंकुले, गोदामे, उपाहारगृहे, भाड्याची निवासस्थाने अशा सर्व प्रकारच्या इमारती अशा संचात असू शकतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे भाड्याने दिलेल्या कार्यालयीन इमारतींचा विचार केला आहे. कारण या व्यवस्थेतील बहुतेक अडचणी तेथे स्पष्टपणे दिसून येतात.

ऊर्जा लेखापरीक्षा आणि ही नोंद या दोन गोष्टी भिन्न आहेत. लेखापरीक्षेत तज्ञ काही दिवस इमारतीची पाहणी करून ऊर्जेचा अपव्यय कोठे व का होतो हे शोधतात. नोंद वर्षानुवर्षे अखंड चालते. तीवरून अपव्ययाचे कारण कळत नाही. मात्र तो होत आहे व कोणत्या इमारतीत होत आहे, एवढे समजते. पन्नास इमारतींपैकी कोणत्या पाच इमारतींची लेखापरीक्षा प्रथम करावी, हा प्रश्न नोंदीवाचून सुटत नाही. [→ ऊर्जा संधारण].

पूर्वपीठिका : इमारतींच्या ऊर्जावापराकडे पद्धतशीर लक्ष १९७३ च्या खनिज तेल संकटानंतर वेधले गेले. तथापि अनेक इमारतींची परस्परांशी तुलना करण्याचे सर्वमान्य साधन त्यानंतर बऱ्याच काळाने उपलब्ध झाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये सुरू केलेल्या ‘एनर्जी स्टार’ या कार्यक्रमात पुढे इमारतींना १ ते १०० गुण देण्याची पद्धत आली. तीत देशव्यापी पाहणीतील समान प्रकारच्या इमारतींशी तुलना केली जाते. ५० गुण म्हणजे मध्यम स्थान होय व ७५ किंवा अधिक गुण मिळविणारी इमारत प्रमाणपत्रास पात्र ठरते. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकाच्या अखेरीस न्यू साउथ वेल्स राज्यात सुरू झालेली तारांकन पद्धती पुढे ‘नेबर्स’ या नावाने देशभर रूढ झाली. २००९ मध्ये काही मोठ्या निवृत्तिवेतन निधींनी नेदर्लंड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या साहाय्याने ‘ग्रेस्ब’ ही मूल्यमापन पद्धती स्थापन केली. तीत एकेका इमारतीऐवजी संपूर्ण मालमत्तासंचाला १०० पैकी गुण दिले जातात.

भारतात ऊर्जा संधारण अधिनियम २००१ मध्ये संमत झाला व ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो मार्च २००२ मध्ये अस्तित्वात आला. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संधारण इमारत संहिता २००७ मध्ये प्रसृत होऊन २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. २०१४ च्या विनियमांनी स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यासांना (‘रीट’) मार्ग मोकळा झाला आणि २०१९ मध्ये असा पहिला न्यास भांडवल बाजारात उतरला. २०२० मध्ये मुंबई, पुणे इ. शहरांतील कार्यालयांचा संच असलेला दुसरा न्यास आला. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (‘सेबी’) बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून व्यवसाय-जबाबदारी व शाश्वतता यांविषयीचा अहवाल सक्तीचा केला. त्यामुळे पूर्वी देखभाल विभागाच्या कपाटात राहणारी वीजबिले लेखाधिकाऱ्यांच्या आणि गुंतवणूकदारांच्या नजरेखाली आली.

या आकड्यांना आता आर्थिक परिणाम जडले आहेत. न्यूयॉर्क शहराच्या २००९ च्या स्थानिक अधिनियम क्र. ८४ ने मोठ्या इमारतींना वार्षिक ऊर्जावापर जाहीर करणे भाग पाडले. २०१९ च्या अधिनियम क्र. ९७ ने २५,००० चौ. फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींच्या उत्सर्जनावर २०२४ पासून मर्यादा घातल्या आणि मर्यादेबाहेरील प्रत्येक टनामागे वार्षिक २६८ डॉलरपर्यंत दंड ठरविला. इंग्लंड व वेल्समध्ये १ एप्रिल २०१८ पासून ‘ई’पेक्षा खालच्या ऊर्जाश्रेणीची जागा, काही अपवाद वगळता, नव्याने भाड्याने देण्यास मनाई झाली. या दोन उपायांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्लंडमधील श्रेणी इमारतीच्या भिंती, खिडक्या व यंत्रसामग्री यांवरून गणिताने ठरते. न्यूयॉर्कमधील मर्यादा प्रत्यक्ष वापरलेल्या ऊर्जेला लागू होते. उत्तम आराखड्याची इमारत निष्काळजीपणे चालविली, तर पहिल्या पद्धतीत ती उत्तीर्ण होते व दुसरीत दंडास पात्र ठरू शकते. बांधकामाच्या वेळी मिळालेले हरित इमारतीचे प्रमाणपत्र म्हणजे वापराची नोंद नव्हे, ही गोष्ट जाहिरातींत सहसा झाकली जाते.

मीटर आणि मालकी : या विषयातील गणित शाळकरी आहे, कठीण आहे ते मीटरचे वाचन हाती येणे. इमारत मालकाची असते, परंतु तिच्यातील बरीचशी वीज भाडेकरू वापरतो. उद्‌वाहने, जिने, वाहनतळ, पाण्याचे पंप आणि केंद्रीय वातानुकूलनाची शीतक यंत्रे यांची वीज बहुधा मालकाच्या मीटरवर येते. दालनांतील दिवे, संगणक, संगणककक्षांचे स्वतंत्र वातानुकूलन व खानपानगृहे यांची वीज भाडेकरूच्या मीटरवर येते.

भारतात याबाबत दोन प्रकार आढळतात. काही संकुलांना उच्च दाबाची एकच जोडणी असते. वितरण कंपनीचे बिल मालकाच्या नावे येते व आतील उपमीटरांवरून ते भाडेकरूंत वाटले जाते. येथे एकूण आकडा निश्चित मिळतो. वाटणीत मात्र चुका होतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक भाडेकरू वितरण कंपनीचा स्वतंत्र ग्राहक असतो व त्याचे बिल मालकाला कधीच दिसत नाही. मुंबईत एकाहून अधिक कंपन्या वीज वितरित करीत असल्याने एकाच मालकाच्या दोन उपनगरांतील इमारतींची बिले निरनिराळ्या नमुन्यांत व निरनिराळ्या तारखांना येतात.

भाडेकरूची वीज वगळली की आकडा कसा फसवा होतो, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. २०,००० चौ. मी. बांधीव क्षेत्राच्या इमारतीत वर्षाला ३० लाख युनिट (किलोवॉट-तास) वीज लागते. तीपैकी १२ लाख मालकाच्या व १८ लाख भाडेकरूंच्या मीटरवर आहेत, असे समजू. संपूर्ण वापर धरल्यास दर चौ. मी.ला १५० युनिट पडतात. केवळ मालकाची वीज घेऊन तिला संपूर्ण क्षेत्राने भागले, तर ६० युनिट येतात व इमारत अत्यंत काटकसरी भासते. यात कोणी खोटा आकडा लिहिलेला नसतो. अंश एका सीमेतला व छेद दुसऱ्या सीमेतला, एवढाच दोष असतो. प्रकाशित अहवाल वाचताना तो ध्यानात येणे अवघड असते.

ऑस्ट्रेलियातील पद्धतीने या अडचणीवर सरळ तोडगा काढला. तेथे मालकाच्या सेवांसाठी एक, भाडेकरूच्या जागेसाठी दुसरी आणि संपूर्ण इमारतीसाठी तिसरी अशा तीन प्रकारच्या श्रेणी आहेत. मालक जेवढ्या ऊर्जेवर नियंत्रण ठेवू शकतो तेवढ्याच ऊर्जेबद्दल त्याचे मूल्यमापन होते. २०१० च्या कायद्याने मोठी कार्यालयीन जागा विकताना वा भाड्याने देताना ही श्रेणी जाहिरातीत छापणे बंधनकारक केले. २०१७ मध्ये त्यासाठीची क्षेत्रमर्यादा २,००० चौ. मी.वरून १,००० चौ. मी.पर्यंत खाली आणण्यात आली. न्यूयॉर्कमध्ये वेगळा मार्ग अनुसरला गेला. तेथे वीज कंपनी मालकाला संपूर्ण इमारतीची एकत्रित बेरीज पुरविते. एकेका भाडेकरूचा वापर उघड होत नाही आणि मालकाचे काम भागते. भारतात ही बाब बहुतांशी भाडेकरारावर अवलंबून असते. करारात वाचन देण्याचे कलम आरंभीच घातले नसेल, तर मुदत संपेपर्यंत मालकाला भाडेकरूच्या सौजन्यावर विसंबून राहावे लागते. नऊ वर्षांच्या कराराच्या दुसऱ्या वर्षी ही उणीव ध्यानात आल्यास पुढची सात वर्षे तशीच जाऊ शकतात.

बिले व वाचने : वीजबिलाचा कालावधी पंचांगाच्या महिन्याशी जुळतोच असे नाही. उदा., १८ मार्च ते १७ एप्रिल या ३१ दिवसांचे बिल ६२,००० युनिटांचे असेल, तर दररोज २,००० युनिट या हिशोबाने १४ दिवसांचे २८,००० युनिट सरत्या आर्थिक वर्षात आणि १७ दिवसांचे ३४,००० युनिट नव्या वर्षात घालावे लागतात. ही वाटणी न करता बिलाच्या तारखेनुसार सर्व आकडा एका वर्षात टाकल्यास एखाद्या वर्षात तेरा बिले, तर दुसऱ्यात अकरा बिले येतात. आणि त्या फरकाला ‘बचत’ असे नाव मिळते.

मोठ्या जोडण्यांवरील मीटर विद्युत् प्रवाह थेट मोजत नाही. प्रवाह रोहित्राने तो ठराविक प्रमाणात कमी करून मग मोजला जातो. रोहित्राचे प्रमाण २०० : ५ असेल, तर वाचनाला ४० ने गुणावे लागते. वितरण कंपनीच्या बिलात हा गुणाकार केलेला असतो, पण इमारतीतील उपमीटरांच्या नोंदवहीत तो पुष्कळदा राहून जातो. रोहित्र बदलल्यावर गुणक बदलण्याचे विसरणे ही तर नेहमीची बाब आहे. एखाद्या मजल्याचा वापर अचानक निम्मा झाला असे दिसल्यास भाडेकरूचे अभिनंदन करण्यापूर्वी रोहित्र पाहावे.

छतावरील सौर संचाच्या बाबतीत तीन वाचने लागतात : संचाने निर्माण केलेली, जाळ्याकडून घेतलेली व जाळ्याला दिलेली वीज. इमारतीचा खरा वापर म्हणजे निर्माण केलेली अधिक घेतलेली, वजा दिलेली वीज होय. केवळ निव्वळ बिलाचा आकडा नोंदविल्यास इमारतीची विजेची भूक कमी झाल्याचा आभास होतो. वस्तुतः विजेचा एक भाग केवळ दुसरीकडून आलेला असतो. याउलट चूक डिझेल जनित्राबाबत होते. जनित्रात जळलेले डिझेल लिटरांत आणि त्यातून निघालेली वीज युनिटांत, अशा दोन्ही नोंदी ठेवून दोहोंची बेरीज केल्यास एकच ऊर्जा दोनदा मोजली जाते. जनित्राच्या नोंदवहीत रोज सारखेच आकडे आढळले, तर ते प्रत्यक्ष मोजलेले नसून पाळी संपताना एकदम भरलेले असण्याची शक्यता अधिक. भारनियमनाच्या दिवशी डिझेलचा आकडा वाढलेला नसेल, तर ती शक्यता बळावते.

वातानुकूलन यंत्रांतील प्रशीतक वायूंच्या गळतीची नोंद सहसा उपेक्षित राहते. दुरुस्तीच्या वेळी यंत्रात किती वायू भरला, हे देखभाल ठेकेदाराच्या पावतीवर असते व ती पावती खर्चखात्याबाहेर जात नाही. आर-४१०ए या प्रशीतकाची तापनक्षमता कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. २,००० पट आहे. म्हणजे १० किग्रॅ. गळती ही सु. २० टन कार्बन डाय-ऑक्साइडाच्या बरोबरीची होते. भारतीय विद्युत् जाळ्यातील सु. २८,००० युनिट विजेच्या उत्सर्जनाइतकी ती भरते.

पाण्याची नोंद विजेहून बरीच ढिली असते. पालिकेच्या नळाला मीटर असला, तरी कूपनलिकेला बहुधा नसतो व टँकरचे पाणी फेऱ्यांत मोजले जाते. टँकर पूर्ण भरलेला होता असे गृहीत धरूनच लिटर काढावे लागतात. सांडपाणी शुद्ध करून प्रसाधनगृहांत व बागेत वापरले जात असल्यास ते ताज्या पाण्याच्या आकड्यात मिसळू नये. कचऱ्याबाबत वजनकाटा असलेली संकुले थोडी. इतरत्र पिंपांची संख्या मोजून अंदाज केला जातो.

क्षेत्रफळ : वापराचा आकडा बिनचूक असला, तरी तो कशाने भागावा हा प्रश्न उरतोच. भारतात एकाच जागेची तीन क्षेत्रे व्यवहारात असतात : चटई क्षेत्र, बांधीव क्षेत्र आणि सामाईक जागांचा वाटा धरून भाडे आकारण्यासाठी वापरलेले वाढीव क्षेत्र. स्थावर मालमत्ता (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ ने चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केली. तीत आतील विभाजक भिंती धरल्या असून बाहेरील भिंती, सेवानलिकांची जागा, सज्जे व उघडी गच्ची वगळली आहेत. तथापि कार्यालयांचे भाडे पुष्कळ ठिकाणी वाढीव क्षेत्रावरच ठरते. वरील उदाहरणातील ३० लाख युनिटांना १५,००० चौ. मी. चटई क्षेत्राने भागल्यास २००, २०,००० चौ. मी. बांधीव क्षेत्राने भागल्यास १५० आणि २५,००० चौ. मी. वाढीव क्षेत्राने भागल्यास १२० युनिट येतात. इमारत तीच, वीज तीच. ऊर्जा संधारण इमारत संहितेतील ऊर्जा कार्यमान निर्देशांक बांधीव क्षेत्रावर आधारलेला असून वातानुकूलित नसलेली तळघरे त्यातून वगळतात. मालमत्तेच्या दप्तरात मात्र सर्वांत सहज सापडतो तो भाड्याचा, म्हणजेच सर्वांत मोठा आकडा. अहवालात क्षेत्राचा प्रकार दिला नसेल, तर दर चौ. मी. वापराचा आकडा निरुपयोगी समजणे इष्ट.

सेबीच्या अहवालात ऊर्जेची तीव्रता उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागेही द्यावी लागते. कारखान्यास हे माप कदाचित उपयोगी असेल. भाड्याच्या इमारतीस ते गैरसोयीचे आहे. भाडे दहा टक्क्यांनी वाढले की एकही युनिट न वाचविता तीव्रता सु. नऊ टक्क्यांनी उतरते.

गाळलेल्या जागा व अंदाज : मोठ्या संचात सर्व इमारतींची सर्व महिन्यांची वाचने क्वचितच मिळतात. म्हणून आकड्याबरोबर त्याची व्याप्तीही देण्याची पद्धत आहे. व्याप्ती क्षेत्र व काल या दोहोंवरून काढतात. २०,००० चौ. मी.पैकी १२,००० चौ. मी.ची बारा महिन्यांची व उरलेल्या ८,००० चौ. मी.ची सहाच महिन्यांची आधारसामग्री असेल, तर व्याप्ती १६,००० चौ. मी., म्हणजे ८० टक्के होते.

उरलेल्या २० टक्क्यांसाठी मागील वर्षाच्या त्याच महिन्याचा आकडा घेतात किंवा त्याच इमारतीतील तत्सम मजल्याचा वापर क्षेत्राच्या प्रमाणात लावतात. अंदाज करणे गैर नाही. तो अंदाज आहे ही खूण पुसली जाणे गैर आहे. आकडा शाखेकडून मुख्यालयात, तेथून सल्लागाराकडे व अखेरीस वार्षिक अहवालात पोहोचेपर्यंत ‘अंदाजे’ हा शब्द मागे पडतो. यासाठी प्रत्येक आकड्याशेजारी तो बिलावरून, वाचनावरून की अंदाजाने आला हे दर्शविणारा स्वतंत्र रकाना असावा आणि खरे बिल आल्यावर अंदाज खोडून न टाकता दोन्ही आकडे जतन करावेत. अंदाज सतत एकाच दिशेने चुकत असेल, तर ते याच जोडीवरून उमगते.

उत्सर्जनाचे गणित : जागतिक साधनसंपत्ती संस्था व शाश्वत विकासार्थ जागतिक उद्योग परिषद यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व २००४ मध्ये सुधारलेल्या मानकानुसार उत्सर्जनाच्या तीन कक्षा मानतात. इमारतीत जळणारे डिझेल व वायू आणि प्रशीतकाची गळती पहिल्या कक्षेत, मालकाने विकत घेतलेली वीज दुसऱ्या कक्षेत आणि भाडेकरूने स्वतः विकत घेतलेली वीज, बांधकाम साहित्य इ. मालकाच्या दृष्टीने तिसऱ्या कक्षेत येतात. भाडेकरूची तीच वीज त्याच्या स्वतःच्या हिशोबात दुसऱ्या कक्षेत असते. भारतात विजेसाठीचा उत्सर्जन गुणक केंद्रीय विद्युत् प्राधिकरण प्रसिद्ध करते. अलीकडील वर्षांत तो दर युनिटाला सु. ०.७ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड इतका आहे. त्याप्रमाणे ३० लाख युनिटांचे उत्सर्जन सु. २,१०० टन होते.

२०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विजेचे उत्सर्जन दोन प्रकारे दाखवावे लागते : स्थानिक जाळ्याच्या गुणकाने, आणि मालकाने केलेल्या वीजखरेदी करारांचा वा घेतलेल्या नवीकरणीय प्रमाणपत्रांचा विचार करून. सर्व विजेसाठी प्रमाणपत्रे घेतल्यास दुसरा आकडा शून्य होतो. पहिला २,१०० टनच राहतो. जाहिरातीत सहसा शून्यच येते. इमारत किती कार्यक्षम आहे याचा मात्र त्या शून्यावरून काहीच बोध होत नाही.

तुलना : मालमत्तासंच स्थिर नसतो, इमारती विकत घेतल्या व विकल्या जातात. जुनी, जास्त वीज खाणारी इमारत विकली की संचाचे उत्सर्जन घटते, परंतु इमारत नव्या मालकाकडे पूर्वीइतकीच वीज खात असते. यास्तव दोन्ही वर्षे ताब्यात असलेल्या इमारतींचीच तुलना वेगळी काढतात. हवामान आणि जागेचा प्रत्यक्ष भरणा यांनीही आकडे हलतात. कोविड-१९ च्या साथीमुळे २०२० व २०२१ मध्ये अनेक कार्यालये रिकामी होती. ही वर्षे आधारवर्ष धरल्यास पुढील प्रत्येक वर्ष वाढीचे, आणि २०१९ आधारवर्ष धरून २०२१ शी तुलना केल्यास कोणतीही कंपनी कर्तबगार दिसते.

पडताळणी व जतन : आधारसामग्री साठविण्यासाठी संगणकीय प्रणाली सर्रास वापरल्या जातात, स्वयंचलित मीटर दर पंधरा मिनिटांचे वाचन पाठवितात. त्यामुळे रात्रीचा व सुटीच्या दिवशीचा वापर कळू लागला आणि कोणी नसताना चालू राहिलेली यंत्रे हुडकता येऊ लागली. परंतु उपमीटर कोणत्या मजल्याला जोडलेला आहे, याचा नकाशा चुकीचा असेल, तर चुकीचा आकडा अधिक वेगाने येतो, एवढेच. पडताळणी करणारा लेखापरीक्षक म्हणून काही बिले निवडून ती प्रणालीतील आकड्यांशी ताडतो आणि काही मीटर प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहतो. सेबीने निवडक निर्देशकांच्या स्वतंत्र पडताळणीची तरतूद २०२३ मध्ये केली व पहिल्या १५० सूचिबद्ध कंपन्यांपासून तिचा आरंभ केला.

इमारतीची विक्री होते तेव्हा खरेदीखत, नकाशे, कर भरल्याच्या पावत्या इ. कागद नव्या मालकाकडे जातात. मीटरची वाचने बहुधा जात नाहीत. जुन्या मालकाची प्रणाली बंद होते, देखभाल ठेकेदार बदलतो व त्याच्याबरोबर उपमीटरांची नोंदवहीही जाते. त्यामुळे वीस वर्षांच्या इमारतीची आधारसामग्री कित्येकदा दोनच वर्षांची असते. काही खरेदीदार मागील तीन वर्षांची मासिक वाचने व उपमीटरांचा नकाशा ही विक्रीकराराची परिशिष्टे म्हणून मागून घेतात.